गोचिडी औषध देऊनही परत का येतात? (कुत्र्या-मांजरांची पावसाळी दुखणी)

चिरेबंदी
मंडळी, नमस्कार. आमचा ब्रूनो, लॅब्रॅडॉर, वय चार. घर गोव्यात फोंड्याजवळ, आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं. पुढे गिलावा आहे, मागच्या पडवीत चिरे उघडेच. मृग लागला की गोचिडी सुरू होतात. मानेवर टाकायचे थेंब झाले, गोचीडनाशक शॅम्पू झाला, गळ्यातला पट्टा बदलून झाला. आठवडाभर बरं असतं, मग कानाच्या पाळीत आणि बोटांच्या बेचक्यात परत तेच. औषधं बनावट मिळतात का? की आमचं काही राहून जातंय?

शिवाय कालपासून तो पायरीवर पडून आहे. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तरी मान वर केली नाही. पावाच्या पिशवीवर तुटून पडणारा कुत्रा आहे हा. तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा. मांजरवाल्यांनीही लिहा, ताईकडे दोन बोके आहेत, तीही वाचतेय.

सांखळीकर
लॅब्रॅडॉर पावाला उठत नाही म्हणजे ताप आहे. गोचिडींचं मागाहून बघू, आधी डॉक्टरकडे ने.

माई_पेडणे
अरे बाबा, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुत्री आहेत. खोबरेल तेलात कापूर विरघळवायचा आणि अंगाला चोळायचा, गोचिडी आपसूक गळून पडतात. करंजेलही चालतं. पावसात माणसालाही मरगळ येते. पेज घाल, थोडं हुमण (माशाची आमटी) कालव वर, उठेल तो.

पशुवैद्य_बारदेश
माई, तुमच्याकडची कुत्री तुम्ही प्रेमाने सांभाळलीत यात शंका नाही, पण कापराला माझा ठाम विरोध आहे. कुत्रं अंग चाटतं, कापूर पोटात जातो, आणि त्याने आकडी येऊ शकते. मांजर तर दिवसभर स्वतःला चाटत असतं, त्याच्या अंगाला कापूर लागताच कामा नये. रॉकेलने किंवा फिनाईलने अंग पुसणारे लोक अजून भेटतात. कातडी भाजते, फुप्फुसांना इजा होते, आणि गोचिडी चार दिवसांनी असतातच.

चिरेबंदी, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या आहेत. आधी तातडीची. थर्मामीटरला थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे नाक गरम की गार यावरून काही ठरवू नका. मग वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिकट किंवा पिवळसर दिसल्या, पोटाच्या पातळ कातडीवर लाल ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं किंवा लघवी तांबूस-काळपट झाली, तर सकाळची वाट बघू नका.

आणि रक्त तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका. आपण सरसकट गोचीडताप म्हणतो, पण त्यात निदान दोन तरी वेगळे आजार येतात. एर्लिकिया हा जिवाणू, त्याला डॉक्सिसायक्लिन लागू पडतं, साधारण चार आठवडे द्यावं लागतं. बबेसिया हा तांबड्या पेशींत शिरणारा परजीवी, तिथे नुसत्या डॉक्सिसायक्लिनने भागत नाही, वेगळं औषध लागतं. त्यातही बबेसियाच्या जातीप्रमाणे औषध बदलतं. आणि एकाच गोचिडीमुळे दोन्ही आजार होऊ शकतात. फार्मसीतून शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं म्हणूनच घातक आहे.

चिरेबंदी
डॉक्टर, ताप १०४ आहे. हिरड्या फिकट वाटतात. निघतोय.

ताळगांवची_वैदेही
जा जा. रक्ताचा अहवाल आला की इथे टाका.

रापणकार
आमच्या काणकोणात पपईच्या पानांचा रस देतात. माझ्या शेरूच्या प्लेटलेट्स त्यानेच चढल्या, कुणी काहीही म्हणो. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा.

पशुवैद्य_बारदेश
रापणकार, शेरूला रसासोबत गोळ्याही चालू होत्या का? योग्य औषध सुरू झालं की प्लेटलेट्स बहुधा काही दिवसांतच चढायला लागतात. तो रस अतिशय कडू असतो. आधीच मळमळणारं कुत्रं त्याने उलटी करतं आणि त्याच्याबरोबर गोळीही बाहेर पडते. रसाने एर्लिकिया मरत नाही. एवढं मान्य करून कुणाला द्यायचाच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून द्या.

रापणकार
गोळ्या होत्या, हे खरं. पण रसाचं श्रेय मी पूर्ण सोडणार नाही. 😊

सिव्हिल_वास्को
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उत्तर पहिल्याच पोस्टीत आहे आणि ते कुणी उचललं नाही. "मागच्या पडवीत चिरे उघडेच."

मी बांधकामातला माणूस. चिरा हा भोकांचा दगड. ताज्या खाणीतला चिरा हातात घेऊन बघा, आरपार बोळ असतात. जुन्या घरात चिऱ्यांमधला मातीचा लेप पावसाने झिजतो आणि सांध्यात बोट जाईल अशी फट पडते. आमच्या कामावर जुनी पडवी उकलताना त्या फटींत वरपर्यंत, अगदी वाशाजवळ, गोचिडींचे थवे सापडले. शेजारी कुत्र्याची गोणपाटाची जागा होती. मालक कुत्र्यावर औषध ओतत होते आणि कुत्रं रोज रात्री त्याच भिंतीला टेकून झोपत होतं.

पशुवैद्य_बारदेश
सिव्हिल_वास्को, अगदी बरोबर. आपल्याकडे कुत्र्यावर प्रामुख्याने जी तपकिरी गोचीड असते तिचा स्वभाव समजून घ्या. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्यावर चढतं, रक्त पितं आणि खाली उतरतं. फटीत जाऊन कात टाकतं, पुन्हा चढतं, पुन्हा उतरतं. प्रौढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढतं. म्हणजे आयुष्याचा बहुतेक काळ ती कुत्र्यावर नसतेच, घरात असते. रक्त पिऊन फुगलेली मादी, ती राखाडी दाण्यासारखी दिसते ती, उतरून भिंतीवर वर-वर चढते आणि फटीत हजारो अंडी घालते. उबदार दमट हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं, आणि उपाशी प्रौढ गोचीड कित्येक महिने दम धरून बसते. औषध बनावट असण्याची गरजच नाही. कुत्र्यावरच्या मरतात, भिंतीतल्या नव्या चढतात.

त्यामुळे कुत्रा आणि घर, दोन्हीकडे एकाच वेळी काम करायला हवं. फटी सिमेंटने बुजवा, निदान जमिनीपासून छातीइतक्या उंचीपर्यंत गिलावा करा. गोणपाट जाळून टाका, अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. कीटकनाशक फवारायचं असेल तर जाणत्या माणसाकडून, कुत्र्या-मांजरांना बाहेर काढून, आणि जागा पूर्ण सुकल्यावरच त्यांना आत घ्या. फवारा एकदा मारून थांबू नका, अंड्यांतून निघणाऱ्यांसाठी तो पुन्हा मारावा लागतो. कुत्र्याचं औषधही पाऊस संपला म्हणून बंद करू नका.

आणि एक. मानेवरचे थेंब टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. ते औषध कातडीच्या तेलकटपणातून अंगभर पसरतं. थेंब आणि शॅम्पू एकाच रविवारी उरकणारे खूप जण आहेत, त्यांचं औषध मोरीत जातं.

ताळगांवची_वैदेही
हे थेंबांचं आम्हाला दुकानदाराने कधी सांगितलं नाही. खायच्या गोळ्या मिळतात त्या कशा?

पशुवैद्य_बारदेश
चांगल्या आहेत. काही महिनाभर चालतात, काही बारा आठवडे. गोचीड चावल्यावर मरते, त्यामुळे अंगावर एखादी दिसली म्हणून गोळी फसली असं समजू नका. ज्या कुत्र्याला आकडी येण्याचा त्रास आहे त्याला मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका.

सत्तरीचो_भाऊ
आमच्या भागात काजूच्या दिवसांत माकडतापाची धास्ती असते. कुत्रा बागायतीत बरोबर येतो. त्याच्या गोचिडीमुळे माणसाला माकडताप होतो का?

पशुवैद्य_बारदेश
भाऊ, माकडताप पसरवणारी गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची. घरातल्या तपकिरी गोचिडीला त्यासाठी धरू नका. पण कुत्रा रानातून फिरून आला की रानातल्या गोचिडीही अंगावर घेऊन येऊ शकतो. म्हणून बागायतीतून परतल्यावर त्याला अंगणातच तपासा, घरात नेऊन नाही, आणि स्वतःचे कपडेही तिथेच बदला. गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढा, स्पिरिटच्या बाटलीत टाका. मेणबत्ती, चटके, मीठ यांतलं काही नको.

सत्तरीचो_भाऊ
बरें. देव बरें करूं.

मांजरवाली_म्हापसा
ताईंनी बोके पाळलेत ना, मग हे त्यांच्यासाठी. कुत्र्याचे थेंब मांजराला "अर्धे" टाकायचे नाहीत. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत परमेथ्रिन असतं, मांजराला ते विष आहे. थरथर, आकडी, मृत्यू. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याच्या मानेवरचं औषध सुकेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. दुसरं, तापाची पॅरासिटामॉल. मांजराच्या यकृताला ती पचवताच येत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते. कुत्र्यालाही माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत.

आता माझा प्रश्न. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजारात ताजं नुस्तं (मासे) मिळत नाही, आणि आमची मनी कोरड्या खाण्याला तोंड लावत नाही. सासूबाई म्हणतात, भूक लागली की खाईल, लाड नकोत. त्या तिला खारे बांगडे भाजून देतात, ते मात्र ती फस्त करते. यात बरोबर कोण?

चिंबलची_सुनीता
तुमच्या घरात बरोबर मनी आहे. तिने दोघींना कामाला लावलंय.

पशुवैद्य_बारदेश
"भूक लागली की खाईल" हे कुत्र्याच्या बाबतीत बहुधा चालून जातं. मांजराच्या बाबतीत नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि त्यातून कावीळ होते. त्यामुळे मनीशी जिद्द करू नका. कोरड्या खाण्यात कोमट पाणी घाला, वर उकडलेली बिनमिठाची कोंबडी कुस्करा, आणि थोडं-थोडं करून प्रमाण बदला.

खारे बांगडे बंद. त्यात जे मीठ आहे ते एवढ्याशा जिवाला फार आहे. आणि ऑगस्टमध्ये तारल्यांची टोपली स्वस्त झाली की कच्च्या तारल्यांवरच मांजर पोसणारी घरं मला माहीत आहेत. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारा घटक असतो. रोज तेच मिळालं तर मांजर लडखडायला लागतं, मान खाली झुकते. शिजवल्यावर तो घटक नाहीसा होतो. मासा शिजवून, काटे काढून, अधूनमधून द्या, पण रोजचं जेवण त्यावर नको. कुत्र्याचं खाणं मांजराला देणंही नको. मांजराला टॉरिन हा पोषक घटक खाण्यातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं.

ताईंच्या बोक्यांबद्दल एक तातडीची खूण. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा-पुन्हा बसतोय, ओरडतोय, लघवी होत नाही किंवा थेंबभरच होते, याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देणारे लोक आहेत. मूत्रमार्ग तुंबलेला असतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असो, रविवार असो, न्यायचाच.

मांजरवाली_म्हापसा
सासूबाईंना वाचून दाखवलं. खाऱ्याची बरणी वरच्या फळीवर गेली.

दिवाडीचा_नाना
आमच्या बेटावर वेगळीच चिंता. शेतात पाणी, पाण्यात उंदीर. दोन वर्षांमागे शेजारच्या कुत्र्याला कावीळ झाली, मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी लेप्टो सांगितला, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. घरातल्या सगळ्यांनाही तपासून घ्यायला लावलं. लस असते ना याला?

पशुवैद्य_बारदेश
असते, कुत्र्यांच्या एकत्रित लशीतच बहुधा असते. पण पार्व्हो, डिस्टेंपर या विषाणूंच्या आजारांपासूनचं संरक्षण दीर्घकाळ टिकतं, लेप्टोचं तसं नाही, तो भाग दरवर्षी घ्यावाच लागतो. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी. लेप्टोचे बरेच उपप्रकार आहेत, लशीत त्यांतले काहीच असतात, म्हणून साचलेल्या पाण्यातून फिरवणं टाळणं हेही लसीइतकंच महत्त्वाचं. आजारी कुत्र्याची लघवी धुताना हातमोजे घाला. हा रोग माणसाला होतो.

पर्वरी_पोस्ट
गोवा रेबीजमुक्त झाला असं वाचलं होतं. मग आता घरच्या कुत्र्याला रेबीजची लस लागते कशाला? फ्लॅटमध्येच तर असतो.

सांखळीकर
"मुक्त" नाही. २०२१ मध्ये सरकारने गोवा "रेबीज नियंत्रित" क्षेत्र म्हणून जाहीर केला, देशात पहिलं राज्य. ते साध्य झालं ते मिशन रेबीज या संस्थेच्या लोकांनी जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरून भटक्या कुत्र्यांना लस टोचली म्हणून. टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा मारतात, तुम्ही पाहिला असेल. हे सगळं लशीवर उभं आहे. तुमच्या फ्लॅटच्या जिन्यात एक मांजर आलं, चावलं, की फ्लॅट मदतीला येत नाही.

पशुवैद्य_बारदेश
सांखळीकरांशी सहमत. कुणालाही चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मिरची, चुना, हळद भरत बसू नका.

बोरीकर_बाय
कानांचं विचारायचं राहिलं. आमच्या कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या कानाला पावसाळाभर वास येतो, डोकं झटकत असतो. कापूस काडीने साफ करते, तरी तेच.

ताळगांवची_वैदेही
काडी नको. मळ आत ढकलला जातो. आमच्या डॉक्टरांनी दाखवलं तसं करा: कानाचं औषधी पाणी आत ओता, कानाच्या मुळाशी बाहेरून चोळा, पचपच आवाज यायला हवा. मग त्याला झटकू द्या आणि बाहेर आलेलं कापसाने टिपून घ्या. टॉवेल धरा, भिंतीवर उडतं. वास आंबूस आणि मळ तपकिरी असेल तर बहुधा बुरशी, तिचं औषध वेगळं लागतं. लोंबत्या कानांना हवा लागत नाही, त्यात आपली हवा अशी की दोरीवरचं फडकं दोन दिवस वाळत नाही. आंघोळीनंतर कान आतून कोरडे करणं सगळ्यात मोठं काम.

चिरेबंदी
सगळ्यांचे आभार. एर्लिकिया निघाला. बबेसिया नाही. प्लेटलेट्स फार खाली होत्या. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आहे, पोटभर जेवणानंतर द्यायला सांगितलंय. काल संध्याकाळी स्वतः उठून पाणी प्यायला, आज अर्धी वाटी भात-कोंबडी खाल्ली. गवंडी बघून गेला, पाऊस उघडला की मागची भिंत करतो म्हणाला. तोवर ब्रूनोची झोप पुढच्या खोलीत, लादीवर. सिव्हिल_वास्को, तुम्ही म्हणालात तशा फटींत टॉर्च मारली. बारीक-बारीक, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत डझनभर. अंगावर काटा आला.

सिव्हिल_वास्को
गवंड्याला नुसतं वरून लिंपू देऊ नका. आधी सांधे खरवडून मोकळे करायला लावा, मग भरा.

पशुवैद्य_बारदेश
छान बातमी. तो हुंदडायला लागला तरी गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, मधूनच सोडलं की आजार दबा धरून राहतो. आणि महिन्याने पुन्हा तपासताना झटपट किटवर एर्लिकिया दिसला तर घाबरू नका. ते किट प्रतिपिंड बघतं, ती कित्येक महिने रक्तात राहतात. प्लेटलेट्स किती आहेत ते बघायचं.

चिंबलची_सुनीता
चवथ (गणेश चतुर्थी) येतेय, म्हणून आठवण करते. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणात मनुका असतात. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. पाहुण्यांची मुलं प्रेमाने भरवतात. पोरांना आधीच सांगून ठेवा. फटाक्यांसाठी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि रेडिओ चालू. ज्याचा जीव फारच घाबरतो त्याच्यासाठी डॉक्टरांकडून आधीच औषध आणून ठेवा, त्या दिवशी सगळे गावाला गेलेले असतात.

बोरीकर_बाय
माझ्या भाच्याला पोपट हवाय. त्याची निगा कशी राखायची?

सांखळीकर
आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. भाच्याला समजावून सांगा. अंगणात पेरूचं झाड लावा, थवेच येतील.

सत्तरीचो_भाऊ
एक शेवटचं. वाळपईच्या बाजारात कुणीतरी गावठी पिल्लं सोडली होती, एक घरी आणलंय. डोळे उघडे, दात बारीक, महिना-दीड महिन्याचं असावं. पोट फुगलेलं आहे. कुठून सुरुवात करू?

पशुवैद्य_बारदेश
फुगलेलं पोट बहुधा जंतांचं. वजन करून त्या मापात जंताचं औषध घ्या, दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. मधेच थांबू नका, आईच्या दुधातून आलेलं संरक्षण कधी ओसरतं ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. तोवर त्याला रस्त्यावर, दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेपाशी सोडू नका. उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर पार्व्हो, तासातासाला जीव खालावतो. घरी पूर्वी पार्व्होने कुत्रं गेलेलं असेल तर जमीन ब्लीचने धुऊन घ्या, तो विषाणू फिनाईलने मरत नाही आणि मातीत महिनोन्‌महिने राहतो.

गायीचं दूध नको, जुलाब होतील. मऊ भात, उकडलेली कोंबडी किंवा पिल्लांचं तयार खाणं भिजवून, दिवसातून चार वेळा.

सत्तरीचो_भाऊ
घरात पूर्वी पार्व्होने कुत्रं गेलेलं नाही. उद्याच वाळपईच्या सरकारी दवाखान्यात नेतो. बायको त्याला आधीच "बाबू" म्हणायला लागलीय, ती कुत्री आहे हे अजून तिला सांगितलेलं नाही.

चिंबलची_सुनीता
मग आजच सांगा, आणि सहा महिन्यांनंतर नसबंदीचं डॉक्टरांशी बोला. माझ्या मावशीकडच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता, माजानंतर महिन्याभरात. फक्त पाणी खूप प्यायची, तेवढंच लक्षात आलं होतं. ऑपरेशन झालं म्हणून वाचली.